सात जगांची वही

गेल्या वर्षी एका शाळेत मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. माझ्या पुस्तकांची मालिका त्या मुलांनी वाचलेली होती. एक पोरगा, एक पोरगी, सात जगं, आणि एका जगातून दुसऱ्यात जायचं ते लाकडी फळ्यांचं दार. प्रश्न विचारायची वेळ आली तशी सातवीतली एक मुलगी उठली. चष्मा, दोन वेण्या, आणि चेहऱ्यावर भीड म्हणून नाही. म्हणाली, "तुमच्या पुस्तकांत फार मारामारी आहे, ते ठीक आहे. पण दर भागात ती पोरगी अगदी वेळेवर कशी पोचते? ते खोटं वाटतं."

तिच्या बाई तिला खाली बसवायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या, बरोबर विचारतेय. मग काहीतरी गुळमुळीत बोलले आणि चहा प्यायला निघून गेले. त्या उत्तराची मला लाज वाटते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि शाळेच्या हॉलमध्ये सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी लहानपणी मारकुटी होते. हे कौतुकानं सांगत नाही, पण लपवतही नाही. वरळीच्या चाळीत सार्वजनिक नळावर मोठं होताना हात उचलायला आपोआप शिकायला होतं. मी तेरा वर्षांची असताना आम्ही कळंबोलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. दोन खोल्या, स्वतःचा संडास, आणि खिडकीतून दिसणारी मैलभर मोकळी खारजमीन. आई पहिले आठ दिवस घरातल्या घरात चालत फिरायची, इतकी जागा तिनं कधी पाहिली नव्हती.

ही जागा मिळाली ती बाबांच्या नोकरीमुळे. बाबा जमीन संपादनाच्या कचेरीत कारकून होते. शहर उभं राहायचं तर आधी गावांची शेतं घ्यावी लागतात, आणि घेण्याआधी ती मोजावी लागतात. मोजणीचे नकाशे आणि कागद बाबांच्या टेबलावरून जायचे. रत्नागिरीकडच्या आमच्या गावी आजोबांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. सगळा जन्म त्यांनी दुसऱ्याच्या बांधावर काढला. खुर्चीवर बसून पगार घेणारा आमच्या घराण्यातला पहिला माणूस म्हणजे बाबा, आणि ते दुसऱ्यांच्या जमिनी मोजत होते. त्यांना यातलं काही टोचत होतं की नाही ते मी कधी विचारलं नाही.

बिल्डिंगवाली पोरं आणि गाववाली पोरं यांची दर रविवारी पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनवर दगडफेक व्हायची. पाइपाच्या या बाजूला आम्ही, त्या बाजूला ते. कारण काही नव्हतं. आम्ही त्यांना खारे म्हणायचो, ते आम्हाला उपरे म्हणायचे, आणि तेवढं पुरायचं. बिल्डिंगच्या बाजूनं दगड मारणारी मी एकटीच मुलगी होते, आणि नेम माझाच सगळ्यात चांगला होता.

एका रविवारी माझा दगड एका पोराच्या भुवईवर बसला. कातडी फाटली, डोळा रक्तानं भरून गेला. दोन्हीकडची पोरं पळाली. मी पळाले नाही. तो पाइपावर चढला, सावकाश चालत माझ्यापर्यंत आला, तळव्यानं भुवईवरचं रक्त निपटलं आणि तो हात माझ्या फ्रॉकला पुसला.

"घे," तो म्हणाला. "तुजाच हाय."

दुसऱ्या दिवशी सुट्टी संपून शाळा उघडली, तर तो आमच्याच वर्गात बसलेला दिसला. भुवईवर चार टाके. आठवीत एकदा नापास झाल्यामुळे माझ्याहून वर्षानं मोठा होता. मराठीच्या बाईंनी त्या आठवड्यात त्याचा निबंध वर्गाला वाचून दाखवला. समुद्र शेताच्या दारात येऊन उभा राहतो आणि सहा तासांनी परत जातो, असा तो निबंध होता. निबंध म्हटला की पहिला नंबर माझा, ही माझी समजूत होती. मी मधल्या सुट्टीत त्याला गाठलं आणि म्हटलं, समुद्र शेताच्या दारात येत नसतो, तू थापा मारल्यास. त्यानं वाद घातला नाही. शाळा सुटल्यावर ये म्हणाला.

ती उघाडी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. कामोठ्याच्या बाजूला खाडीच्या कडेनं मातीचा लांब बांध होता. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावानं पिढ्यान्‌पिढ्या घातलेला. त्या बांधात मधेच दगडी मोरी आणि तिला लाकडी फळ्यांची झडप. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. भरती आली की तेच पाणी बाहेरून झडप दाबून बंद करतं. कोणी हात लावायची गरज नाही. गावात याला उघाडी म्हणतात. मोठ्या भरतीला मात्र बांध फुटायची भीती, म्हणून पौर्णिमेला आणि अमावास्येला घरटी एक माणूस बांधावर पहाऱ्याला बसायचा. त्या दिवशी त्याचा आजा बसला होता, मांडीवर कोयता घेऊन. आम्ही भरती येईपर्यंत थांबलो. पाणी फुगत फुगत फळ्यांपर्यंत आलं, आणि झडप धाडकन बंद झाली.

"बग," तो म्हणाला. "आता भायेरचा भायेर न् आतला आत. सा तास कोन येवाचा नाय, कोन जावाचा नाय."

आमची वही तिथून सुरू झाली. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. उघाडीच्या पलीकडे सात जगं आहेत. ओहोटीला निघायचं, आणि भरती लागली की सहा तास त्या जगात जे होईल ते भोगायचं. दारातून जाताना फळीवर स्वतःचं रक्त लावावं लागतं. हा नियम त्याचा, आणि तो कुठून आला ते मला विचारावं लागलं नाही. पात्रांना नावं ठेवली नाहीत. एक पोरगा आणि एक पोरगी एकाच वहीत लिहितात हे कोणाला कळलं असतं तर दोघांची चामडी लोळवली असती, म्हणून नुसतं 'तो' आणि 'ती'. एक भाग त्यानं लिहायचा, पुढचा मी. वही उघाडीच्या दगडातल्या कपारीत ठेवायची, नाहीतर शाळेत दप्तरातून दप्तरात.

पहिल्या दोन भागांत आम्ही दोघांनीही आपापल्या घराबद्दल भरमसाट फुशारक्या मारल्या. त्याच्या गावात वाघ होते, माझ्या बिल्डिंगला सोन्याचा जिना होता. वाचून दोघांनाही हसू आवरेना. मग मी नियम केला की आपलं जग आपण लिहायचं नाही. गाव मी लिहीन, बिल्डिंग तू लिही. काय दिसतं ते एकमेकांना सांगायचं, पण लेखणी दुसऱ्याच्या हातात. या नियमाचा मला फार अभिमान वाटायचा.

त्याच्या भागांतली बिल्डिंग मला आवडायची. तिथे नळाला चोवीस तास पाणी होतं, माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलायची, आणि ती पोरगी कधीच घाबरायची नाही. पोरगा कुठेही अडकला की ती चार मजले उतरून धावत यायची. आमच्याबद्दल त्याचं इतकं चांगलं मत का होतं, देव जाणे. मी खूश होऊन ते पुन्हा पुन्हा वाचायची.

माझ्या भागांत नुसती कत्तल. तिसऱ्या जगात लोक एकमेकांचे हात तोडून वेशीवर टांगायचे. चौथ्यात खाडीतून साप यायचे आणि झोपलेल्या माणसांच्या गळ्याला विळखा घालायचे. पाचव्या जगात लोखंडाचे राक्षस होते. ते मला शोधावे लागले नाहीत. आमच्या खिडकीतून दिसायचे.

आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी डंपर यायला लागले होते. खारजमिनीवर मुरूम ओतायचा, रोलर फिरवायचा, की झाला प्लॉट. त्याच्या गावातल्या एका शेतात कापणीला आलेलं भात उभं असतानाच त्यावर मुरूम पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचा आजा कोयता घेऊन डंपरसमोर आडवा झाला. पोलिसांनी त्याला पायाला धरून ओढलं, शंभरेक पावलं, खडीवरून. पाठीची सालं निघाली. म्हातारा ओरडला नाही, फक्त कोयता सोडेना, म्हणून एकानं त्याच्या मनगटावर बूट ठेवला. पोरानं मला हे सगळं उघाडीवर बसून सांगितलं. सांगताना रडत होता. मी घरी जाऊन ते पाचव्या जगात लिहिलं, आणि लिहिताना मला रडू आलं नाही, मजा आली. हे आज लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

मजेच्या भरात मी एक गोष्ट केली. जगाला नकाशा हवा असं माझ्या डोक्यानं घेतलं. बाबा कधीकधी कचेरीतले निळे नकाशे घरी आणायचे, रविवारी बसून आकडे तपासायला. मी त्यातला एक खिडकीच्या काचेवर धरला, वर पातळ कागद लावला आणि बांध, उघाड्या, रस्ते, कंत्राटदाराचं यार्ड, सगळं गिरवून घेतलं. मग लाल पेननं युद्ध मांडलं. इथून चढाई. इथे पहारेकऱ्याचं डोकं फोडायचं. ही उघाडी मोडून समुद्र आत घ्यायचा, म्हणजे राक्षस बुडतील. दिवस पौर्णिमेचा, कारण तेव्हा पाणी सगळ्यात उंच. पौर्णिमा कधी ते आमच्या घरात विचारायला नको, आई विहारात जायची. भरतीची वेळ त्याच्या आजाला विचारून घेतली. नकाशा वहीच्या शेवटच्या पानाला खळीनं चिकटवला. त्याला तो इतका आवडला की दहा मिनिटं नुसता बघत होता.

आणि मग आम्ही भांडलो. आता त्यांच्या स्वतःच्या शेताचीही मोजणी झाली होती, आणि कचेरीतून बाबा गेले होते. दुसऱ्या दिवशी उघाडीवर तो म्हणाला, "तुजा बाप आला व्हता फीत घेवन. आमचा आजा पानी इचारत व्हता, तर पानी पन नाय घेतला."

बाबा कोणाच्या घरचं पाणी टाळणारे नव्हते. आमच्या गावी लोकांनी त्यांना ते टाळून दाखवलं होतं. ज्यांची जमीन घ्यायची त्यांचं पाणी कसं प्यायचं, म्हणून प्यायले नसणार, हे मला आज कळतं. तेव्हा डोकं सणकलं. मी त्याच्या कानफटात मारली. त्यानं उलट हात उचलला नाही, म्हणून अजून राग आला. घरी येऊन मी माझा भाग लिहिला. पाचव्या जगाचे पहारेकरी पोराला पकडतात, टेबलाला बांधतात, पोरगी कुठे आहे विचारतात आणि मारायला लागतात. शेवटची ओळ मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. 'पाचव्या फटक्याला त्यानं तिचं नाव सांगितलं, कारण गाववाले असेच असतात.'

वही मी त्याच्या दप्तरात कोंबली. त्यानं ती वाचली, एवढं मला त्याच्या मानेवरून कळलं. पुढचा आठवडा आम्ही बोललो नाही. पुढचा भाग लिहायचा नंबर त्याचा होता.

तो हिवाळा वाईट होता. जमिनीसाठी गावागावांतून माणसं रस्त्यावर उतरली होती. जासईच्या बाजूला पोलिसांच्या गोळीबारात काय झालं ते या भागातल्या जुन्या माणसांना माहीत आहे, ते सांगायचा हक्क त्यांचा. आमच्याकडे एवढंच झालं की पौर्णिमेच्या दुपारी कंत्राटदाराच्या यार्डावर दगड पडले. डंपरच्या काचा फुटल्या, आणि एक दगड रखवालदाराच्या डोक्यात बसला. कवटीला तडा गेला म्हणाले. माणूस शुद्धीवर येईना. दोन दिवसांनी पोलिस शाळेत आले आणि गावच्या मोठ्या पोरांची दप्तरं जमिनीवर उलटी करायला लागले.

मी वर्गाची मॉनिटर होते. हजेरीचं रजिस्टर घेऊन हेडमास्तरांच्या खोलीशी पोचले तेव्हा आत टेबलावर आमची वही उघडी होती. मागचं पान. माझ्या लाल पेनचे बाण.

फौजदार खुर्चीत बसला होता. पोरगा टेबलासमोर उभा होता. हेडमास्तर खिडकीपाशी. मराठीच्या बाईंना अक्षर ओळखायला बोलावलं होतं. मी दारातच थांबले, आत ये किंवा जा असं कोणी म्हणेना.

"हे काय आहे?" फौजदारानं विचारलं.

"गोस्ट हाय, सायेब."

"गोष्ट. पौर्णिमा, भरतीची वेळ, रखवालदाराचं डोकं. सरकारी नकाशा गोष्टीत आला कसा?"

फौजदारानं दोन पानं मागे उलटली.

"आणि अक्षरं दोन आहेत. हे तुझं. नकाशावरचं कोणाचं? नाव सांग, आत्ता सोडतो."

"दोनी माजीच. ता डाव्या हातानं लिवलंय."

फौजदारानं वही बाईंकडे सरकवली. बाईंनी तीन वर्षं माझे निबंध तपासले होते. माझा 'र' त्यांना अंधारात ओळखता आला असता. त्यांनी पानाकडे पाहिलं, मान वर केली, दारात मला पाहिलं. मग वही मिटली आणि म्हणाल्या, "नाही ओळखता येत."

फौजदारानं त्याच्या डाव्या हातात पेन दिलं. लिही म्हणाला. तो लिहायला लागला, आणि कागदावर नुसत्या रेघोट्या उमटल्या. हेडमास्तरांच्या टेबलावर रेघा मारायचा लाकडी रूळ होता, जाड, गोल. फौजदारानं तो उचलला. हात टेबलावर ठेव म्हणाला. त्यानं डावा हात ठेवला, बोटं पसरून, शाळेत छडी खायला ठेवतात तसा.

पहिला फटका. नाव सांग. दुसरा. मी रजिस्टर छातीशी धरून उभी होते. तिसऱ्याला काहीतरी मोडल्याचा आवाज आला. चौथा. मी मोजत होते, आणि का मोजत होते ते मला नीट माहीत आहे. पाचव्या फटक्याला मी वाट बघितली. तो सांगेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यानं सांगावं असं वाटलं, म्हणजे मला सांगावं लागणार नाही.

त्यानं सांगितलं नाही. सहावा, सातवा, आठवा. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि चड्डी ओली झाली होती. हेडमास्तर खिडकीतून मैदानाकडे बघत होते. अकरा झाले. रूळ टेबलाच्या कडेवर आपटून तुटला तेव्हा फौजदार थांबला. त्याला बाहेर नेताना ते माझ्या अगदी अंगावरून गेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, मी सोडून सगळीकडे पाहिलं.

बाबा कचेरीतून आले तसं मी त्यांना सगळं सांगितलं. नकाशा म्हटल्यावर त्यांचा चेहराच गेला. त्यांनी मला तोपर्यंत कधी बोट लावलं नव्हतं. त्या संध्याकाळी पट्टा काढला आणि पाठ, मांड्या, हात, जिथे बसेल तिथे मारलं. आई मध्ये पडली, तिलाही दोन बसले. मग तेच खाली बसले आणि हुंदके देत रडायला लागले. आई कोपऱ्यात उभी राहून कोपर चोळत होती.

थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "ऐक. तुझं अक्षर आहे म्हणून तू गेलीस, तर नकाशा कोणी आणला ते विचारतील. माझी नोकरी जाईल. ही जागा जाईल. आपण परत वरळीला, नळावर. पण तो पोरगा आत आहे. तू सांग, बेटा. जायचं का चौकीवर? तू म्हणालीस तर मी येतो बरोबर."

हे मी कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. लोकांना वाटतं, मोठ्या माणसांनी मुलांना गप्प बसवलं. मला विचारलं होतं. पंधरा वर्षांची होते, ठणकणाऱ्या पाठीनं भिंतीला न टेकता बसले होते, आणि मी म्हटलं, "नको, बाबा."

बाबांनी मान हलवली. नंतर कधीही त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मला वाटतं, माझ्याशी त्यांचं मनापासूनचं बोलणं त्या दिवशी थांबलं. मी मात्र दोन दिवस पाठीवरचे वळ आरशात बघत होते आणि स्वतःला सांगत होते की माझी शिक्षा झाली, फिटलं.

चौथ्या दिवशी त्याला सोडलं. रखवालदार शुद्धीवर आला होता आणि म्हणाला, मारणारे दोघे मिशीवाले बाप्ये होते, पोरं नव्हती. वही चौकीतच राहिली. ती मला परत कधी दिसली नाही.

तो शाळेत आला नाही. आठ दिवस मी रोज उघाडीवर जाऊन बसले. नवव्या दिवशी तो बांधावरून येताना दिसला. डाव्या हाताला प्लॅस्टर, गालावर हिरवं पडलेलं. ओहोटी होती, झडप उघडी होती आणि शेतातलं पाणी आवाज करत खाडीत जात होतं. तो माझ्यापासून चार हात लांब बसला.

"तू दारात व्हतीस ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मना दिसलीस." त्यानं एक खडा पाण्यात टाकला आणि म्हणाला, "तू लिवलं व्हतंस, पाचव्या फटक्याला नाव सांगंल. चुकलंस तू."

सॉरी म्हणायचं होतं, पण तो शब्द तोंडापर्यंत आला तेव्हा इतका फालतू वाटला की बाहेर निघेना.

"माजा भाग पन लिवला व्हता," तो म्हणाला. "वईत व्हता. तू वाचलाच नाय."

"काय लिहिलं होतंस?"

त्यानं प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे पाहिलं. ती सुजून काळी पडली होती. मग सांगितलं, अगदी साध्या आवाजात, रागावल्यासारखं मुळीच नाही. त्या पोराला टेबलाशी मारत असतात. तेवढ्यात बिल्डिंगमधली पोरगी धावत येते, दार ढकलते आणि म्हणते, सोरा त्याला, ता मी लिवलंय.

पाणी फुगायला लागलं होतं. तो उठला, चड्डीची माती झाडली.

"मी पन चुकलू," तो म्हणाला, आणि बांधावरून गावाकडे निघून गेला. माझ्या पाठीमागे झडप बंद झाली.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याची डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत आणि तो जासईकडे कंटेनर यार्डात कामाला लागला, एवढं पुढे कळलं. बांध केव्हाच सपाट झाला, उघाडी होती तिथे आता बिल्डिंगा आहेत. मालिकेचा प्रत्येक नवा भाग मी त्याला पोस्टानं पाठवते. कधीच उत्तर आलेलं नाही, पुस्तक परतही आलेलं नाही.

त्या चष्मेवाल्या मुलीला मला एवढंच सांगायचं होतं. ती पोरगी वेळेवर पोचते तो भाग माझा नाही. तो त्यानं लिहिलेला आहे, आणि मी दर वेळी तोच पुन्हा लिहिते, कारण त्या दिवशी मी दारात होते आणि टेबल माझ्यापासून सहा पावलांवर होतं.